झिलीची जागा

१८ जानेवारी, शनिवार

डॉक्टर म्हणला, मालकांच्या गळ्यात गाठ हाय, आवाजाची पेटीच काढायची. पेटी! जसं काय माळ्यावरची ट्रंक हाय.

मी इचारलं, 'काढल्यावर मग?' तर म्हणला, 'जीव राहील. आवाज राहणार नाही.' आसं सरळ. बरं केलं सरळ बोलला. गोल गोल बोलणारा मला खपत न्हाय.

मालक खुर्चीवर बसलं हुतं, टोपी मांडीवर. घरी आलं, पाय धुतलं, आन् मग म्हणलं — 'मग कोकराच्या ओवीचं काय?'

मी म्हणलं, 'जिवाचं बोला की अगुदर! ओवीचं काय घिऊन बसलाय!'

मी परात ओढली आन् भाकरी थापायला बसले. कडक भाकरीची ऑर्डर हुती, दुकानदार थांबत न्हाय कुणाच्या दुखण्यासाठी. थापता थापता रडले. भाकरी एक बी गोल झाली न्हाय.

लिव्हायला बसले कारण सांगायला कोण न्हाय. लेक करमाळ्यात दिलीया, तिला फोन केला तर ती रडणार आन् तिची समजूत मीच काढायची. ते नको. चौथीपतुर शाळा झालीया, तेवढी बास हाय रडं कागदावर टाकायला.

१९ जानेवारी, रविवार

कोकराची ओवी मालकांच्या बापाची. मेंढरामागं फिरताना म्हातार्‍यानं जुळवली आन् लेकाला दिली. दर आमुशाला बिरोबाच्या देवळात मालक म्हणायचं, ढोल गळ्यात. धाकटा दीर सिद्धाराम झील धरायचा. म्हंजे मालकांनी ओळ टाकायची आन् ओळीचं शेपूट सिद्धारामनं उचलून परत म्हणायचं. तवर मालक दम घ्यायचं. झील संपल्याबिगर फुडची ओळ घ्यायचीच न्हाय, ओवी मोडती. आसा रिवाज.

सिद्धाराम करोनात गेला. तवापास्नं झील कुणीबी धरतंय, आर्धीमुर्धी. पर ओवी आख्खी हाय ती एकट्या मालकांच्या गळ्यात. आन् गळाच काढणार.

मी? मी मागं बायकांत बसायची आन् तोंडातल्या तोंडात झील धरायची. बायका देवळात ओवी म्हणत न्हाईत. कोण ऐकतंय माझं!

ठरवलं. काढायच्या आधी ओवी भरून ठिवायची. मालकांना इचारलं बी न्हाय.

२१ जानेवारी

नाजनीनकडं गेले. कोपर्‍यावर तिचं झेरॉक्सचं दुकान. चष्मा कायम डोक्यावर आन् चष्मा शोधत फिरती. माझी बोलणी खाणारी गल्लीत ही एकलीच.

म्हणली, 'मोबाईलवर कर ना अक्का.' म्हणलं, केली हुती एकदा देवळात — नुसता ढोल! मालक म्हंजे डब्यात माशी. आन् आता तर आवाज त्याहून बारीक झालाय. ढोल वाजवत म्हणायचं बळ बी न्हाय र्‍हायलं. आधी ढोल वाजवतील, मग बसून म्हणतील.

तर ती एकदम उठली. तिचा भाऊ तन्वीर — कव्वाल्या भरायचा घरातल्या खोलीत, मग गेला सौदीला गाडी चालवायला. त्याचं सगळं सामान पोटमाळ्यावर पडून हाय म्हणली. चांगला माइक, त्यो मशीनला जोडायची एक लाल डबी आन् एक जुना लॅपटॉप.

'पर लिनक्स हाय त्याच्यात,' म्हणली.

मी म्हणलं, 'लिनक्स म्हंजे? उंदीर झालेत का?'

लई हसली. मला कळंना काय हसायचं त्यात.

२३ जानेवारी

सामान आणलं. धूळ आशी की मालक बाजूच्या खोलीत बसून खोकलं.

लिनक्स म्हंजे मशीनची अक्कल. दुकानात नाजनीनकडं हाय ती इकतची अक्कल, ही फुकटातली. फुकटातली जरा तिरसट असती — शिकवल्याबिगर काम करत न्हाय. पर शिकवलं की इमानदार. आसं तन्वीर फोनवर म्हणला. मी म्हणलं, 'माझ्यावानीच की!' सौदीत बसून हसला त्यो.

आजूबाजूला मागांची खटखट. दिसरात चार घरी यंत्रमाग चालत्यात. लाईट गेली की तेवढीच शांतता. मंग ठरलं — लाईट गेली की भरायचं. मशीन बॅटरीवर चालतंय.

२४ जानेवारी

आज जे झालं ते लिव्हू का नको.

दुपारी लाईट गेली. माग थांबलं. नाजनीननं मालकांच्या कानाला बिगरवायरचं हेडफोन लावलं. मालक नुसतं म्हणून बघणार हुतं, ढोलाबिगर. त्यांचाच आवाज मोठा करून त्यांच्या कानात सोडायचा, म्हंजे बारीक गळ्याला जोर लावायला नको.

मालकांनी डोळं मिटलं. 'काळ्या मेंढीचं पांढरं कोकरू, वाट चुकलं माळाला —'

आन् थांबलं.

मी म्हणलं, अवो म्हणा की फुडं! तर हात वर केला. थांब, म्हंजे. चेहर्‍यावर आसं काय आलं… मी कवा बघितलं न्हवतं. डोळ्यातनं पाणी. बारीक आवाजात म्हणलं, 'सिद्धाराम झील धरतोय.'

नाजनीन माझ्याकडं बघाय लागली. मी तिच्याकडं.

मी हेडफोन काढून माझ्या कानाला लावलं. 'हॅलो' म्हणलं. जरा वेळानं कानात — हॅलो. माझंच! मशीन आवाज उशिरा सोडतंय. मालकांचंच शेपूट मालकांच्या कानात परत आलं, आन् त्यांना वाटलं भाऊ आला.

मला सांगावं लागलं. कोण सांगणार दुसरं! म्हणलं, 'तुमचाच आवाज हाय त्यो. मशीन मागं हाय.'

'आसं व्हय,' म्हणलं. टोपी घातली आन् भाईर जाऊन बसलं.

२५ जानेवारी

परत बसवलं. आता म्हायती हाय तरी थांबत्यात! ओळ टाकली की कानात शेपूट येतंय, शेपूट आलं की थांबायचं — आख्ख्या जल्माची सवय. आन् न थांबता म्हणायला गेलं तर अडखळत्यात. तोतरं बोलल्यावानी.

हेडफोन काढून खाटंवर ठिवलं. म्हणलं, 'बजा, मशीनचं नाव नको घिऊ. माझाच गळा आता मागं पडायलाय. र्‍हाऊ दे.'

र्‍हाऊ दे म्हणं! मी काय भंगारात घालू का ही आवाजाची ट्रंक? भांडले. नको हुतं भांडायला. पर भांडल्याबिगर मला रडूच येत हुतं.

२६ जानेवारी

दिवसभर शाळेचा कर्णा. काय भरणार!

२७ जानेवारी, सोमवार

नाजनीनला सांगितलं, तुझ्या भावाला इचार, ही झील बंद कशी करायची. तिनं तसंच इचारलं — झील कशी बंद करायची. त्याला पैल्यांदा कळंनाच. मग कळलं तर त्यानं मोठा आवाजी निरोप धाडला. मी चार-पाच डाव ऐकला.

'अक्का, पैलं ते बिगरवायरचं फेकून दे. त्याचाच आर्धा उशीर हाय. वायरवालं लाव. आन् बगा, तुमच्याकडं नळाला पाणी आलं की तुमी काय करता? घागर लावता. घागर पुरी भरल्याशिवाय उचलत नै. मशीन बी आवाज घागरीनंच भरतंय. घागर भरायला जेवढा वेळ, तेवढा तुमचा उशीर. तर घागर काढा, तांब्या लावा. पन तांब्याला खेपा जास्ती. मशीन दमलं की पाणी सांडतं. टर्र आवाज आला की समजा सांडलं.'

हे कळलं मला! पाच दिसाआड पाणी येतंय आमच्याकडं, मला न्हाय कळणार तर कुणाला.

त्या घागरीला बफर म्हंत्यात. नाजनीननं आकडा कमी केला. वायरचं हेडफोन लावलं. मालक न्हवतं, मीच बोलून बघितलं.

उशीर गेला! आन् टर्र, टर्र, टर्र — जसं काय कोण चादर फाडतंय.

२८ जानेवारी

सांडतंय. सारखं सांडतंय.

तन्वीर म्हणला, मशीनमदी ऑडिओ म्हणून एक गट हाय. आमच्या बचत गटावानीच की. त्या गटात आपलं नाव असलं तरच मशीन आवाजाला पैला नंबर देतंय, न्हायतर बाकीची कामं करत बसतंय आन् आवाज रांगंत. तर नाव घालायचं. त्यासाठी काळ्या पडद्यावर आधी 'सुडो' लिव्हायचं. नाजनीन म्हणली, सुडो म्हंजे मशीनला सांगायचं — मालकीण बोलतीया, ऐक.

मला आवडलं ते. सुडो!

मग पासवर्ड टाक म्हणली. मी एका बोटानं टाकायला लागले तर एक अक्षर उमटंना! बटणं दाबून दाबून बोट दुखलं. म्हणलं, तुझं मशीन मेलंय गं. तर म्हणती, 'अक्का, उमटत नै ते. आतल्या आत घेतं.' मग आधी सांगायचं की!

नाव घातलं. तरी टर्र.

तन्वीरचा निरोप — 'भाईर जाऊन परत आत आला का?'

मी उठले, उंबर्‍याभाईर गेले, आन् परत आत आले.

नाजनीन भुईवर बसली हसत. मालक खाटंवर पडून बघत हुतं, ते बी हसलं. हसता हसता खोकला लागला, खोकल्यात रगत आलं. मग कोण हसलं न्हाय.

मशीनमदनं भाईर पडून, पासवर्ड टाकून परत आत यायचं हुतं, उंबर्‍यातनं न्हवं.

२९ जानेवारी, आमुशा

मालक देवळात गेलं. ढोलाला हात लावला न्हाय. दुसर्‍या कुणी दुसरीच ओवी म्हणली. पुजारी मालकांना म्हणला, 'बिरुदेवा, एवढ्या आमुशाला म्हण की रं कोकराची!' मालकांनी गळ्याकडं बोट दावलं, बसलं.

मी मागं बसले हुते. मालकांची पाठ दिसत हुती. माणूस पाठीतनं बी रडतंय.

१ फेब्रुवारी

झालं! झालं! झालं!

मशीनला भाईर घालवून आत घेतलं तवा टर्र कमी झालं. मग तन्वीर म्हणला, वायफाय बंद करा, ते मधी मधी टोकतंय. बंद केलं. बॅटरीवर मशीन आळशी हुतं, काटकसर करतंय, त्याला सांगा काटकसर नको — सांगितलं, सुडो लावून. खालनं तापत हुतं, म्हणून दोन विटांवर ठिवलं, मधी वारा.

मग मी हेडफोन लावलं आन् माइकपाशी बांगडी वाजवली. छन्. कानात बी छन्. त्याच घटकंला! परत वाजवली. परत. बांगड्या बडवत बसले येड्यावानी. नाजनीन म्हणली, 'बस कर, फुटतील.' फुटू देत.

आता कानात मागनं कोण येत न्हाय. सिद्धाराम बी न्हाय.

हे लिव्हलं आन् हसू गेलं.

३ फेब्रुवारी

ढोल भरला. मालकांनी बसूनच वाजवला, डोळं मिटून. मधी मधी हात हलके पडत हुते. पैल्यांदा मला कळंना, मग कळलं — झिलीच्या जागी ढोल खाली घ्यायचा आसतो. सिद्धारामचा आवाज वर यावा म्हणून. आता तितं कोण न्हाय, तरी जागा सोडली.

मी म्हणलं, 'तेवढं मोकळं कशाला? वाजवा की सलग.'

म्हणलं, 'जागा हाय ती. मी कशी भरू?'

५ फेब्रुवारी

म्हणायला बसलं. चार-पाच ओळी बरोबर. एका दमात, न अडखळता. झिलीच्या जागी नुसता ढोल. मग गळा चिरला. रगत. मग बास.

पुसून टाकलं ते. परवा बघू.

६ फेब्रुवारी

परवा कसलं! हॉस्पिटलातनं फोन. खाट रिकामी झालीया, शनिवारी भरती व्हा, सोमवारी ऑपरेशन. मी म्हणलं आठवडाभर थांबा की. बाई म्हणली, 'गाठ थांबत नाही, मावशी.'

तोंडावर ठिवून दिला फोन. तिचं तरी काय चुकलं.

एकच दिवस हाय हातात. नाजनीन अक्कलकोटला गेलीया लग्नाला, रविवारी यील. म्हणलं जाऊ दे तिला. मला येतंय सगळं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळपास्नं लाईट जाईना! एरवी दिवसातनं दोनदा जाती मेली, आज ठेवलीय जशी काय इमानदारीनं. माग खटाखटा. मी दारात बसून लाईटवाल्याला शिव्या देत हुते — घालवत न्हाय म्हणून. शेजारीण म्हणली, येड लागलं का बजाबाईला.

दुपारी एकदम गेली. सगळे माग एका घटकंत गप. मी धावले. टेबल ओढलं, तर डबीची वायर पायात आली आन् निसटली. खोचली परत. पडद्यावर कायतरी पाटी आली, मी दाबलं हो. वेळ कुटं हुता वाचायला! ढोल कानात वाजतोय का इचारलं, वाजतोय म्हणलं. बास. चालू केलं.

मालक माइकफुडं. मी मशीनपाशी, पडद्याला नाक लावून — सांडतंय का बघायला.

पैली ओळ म्हणलं आन् डोळं उघडलं. म्हणलं, 'माझा आवाज लांबनं येतोय, बजा.'

मी म्हणलं, 'तुमचा गळाच बसलाय, दुसरं काय! म्हणा लौकर, लाईट यील!'

तर माझ्याकडं बघितलं. लई वेळ बघितलं. मी परत बोलणार तवर म्हणलं, 'बरं. चालू ठिव. तू हाय तितंच बस. हलू नको.'

आन् म्हणलं. काय म्हणलं! तरुणपणी बी आसं म्हणलं न्हवतं. ओळ टाकायची, दम घ्यायचा, परत ओळ. झिलीच्या जागंला जरा बी घाई न्हाय, जरा बी उशीर न्हाय. कोकरू माळ हिंडलं, ओढ्याला गेलं, कोल्ह्याच्या तावडीतनं सुटलं, आन् शेवटी आईला सापडलं. आख्खी ओवी. न थांबता. रगत न्हाय, खोकला न्हाय.

संपली आन् लाईट आली. माग सुरू.

मी मशीन मिटवलं ते मिटवलंच. ऐकायला धीर झाला न्हाय. भरलीया. र्‍हाऊ दे आत.

मालकांनी हेडफोन काढलं. म्हणलं, 'लई बरं वाटलं.' एवढंच.

८ फेब्रुवारी

भरती केलं.

९ फेब्रुवारी

सांजच्याला मला म्हणलं, 'कायतरी बोल की.' मी म्हणलं, 'तुमीच बोला. उद्यापास्नं मलाच बोलायचंय.' हसलं. मग कायबाय बोललं — छपराचा पत्रा, लेकीकडली म्हस, भाकरीला पीठ बारीक दळून आण. मी ऐकत हुते. पत्र्याचं बी आसं ऐकलं जसं काय कीर्तन हाय.

१० फेब्रुवारी, सोमवार

झालं ऑपरेशन.

११ फेब्रुवारी

गळ्याला भोक हाय. तितनं श्वास घेत्यात. फूस, फूस. जागं झालं तवा तोंड उघडलं, काय तरी म्हणायला. तोंड हललं. आवाज आला न्हाय. त्यांनाच नवल वाटलं.

मी भाईर जाऊन जिन्यात बसले. कुणी बघितलं न्हाय.

१६ फेब्रुवारी

नाकात नळी. तिच्यातनंच पातळ जेवण. नाजनीन शिरखुर्मा घिऊन आली, मग कळलं जेवता येत न्हाय. मीच खाल्ला, तिच्यासमोर, रडत. 'कैसी है गे तू,' म्हणली आन् ती बी रडली.

२२ फेब्रुवारी

घरी आणलं.

हाक मारता येत न्हाय म्हणून उशापाशी तांब्या आन् चमचा ठिवलाय. टण् केलं की मी यायचं. पैल्या दिवशीच डोकं उठलं माझं! टण् — पाणी. टण् — खिडकी. टण् — काय न्हाय, नुसतं मी कुटं हाय बघायला. मी वरडले, 'मी काय गिरणीतली कामगार हाय का घंटा वाजवून बोलवायला!'

मालकांनी तांब्या खाली ठिवला. मग दुपारभर टण् न्हाय. घर आसं गप झालं… मीच जाऊन तांब्या हातात दिला.

लिव्हायला लेकीच्या वेळची पाटी बी दिलीया. पर शाळा माझ्याएवढीच. चार शब्द लिव्हायला लई वेळ लागतोय आन् मला तेवढा दम न्हाय. मी आर्ध्यातच म्हणते, 'कळलं, कळलं!' कळलेलं नसतंय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज नाजनीन आली. म्हणली, अक्का, ऐकूया की ओवी. मालकांनी मान हलवली, हो. लाईट गेलेली. मशीन उघडलं, आवाज मोकळा सोडला.

ढोल आला. खणखणीत. मग मालक —

कुटं? लांब. ओढ्याच्या पल्याडनं कुणी हाक मारल्यावानी. शब्द कळंना. आन् ओळ संपली तशी, कानाला दडा बसंल एवढ्या मोठ्यानं — 'माळाला जी माळाला!' बाईचा आवाज. फाटका. नाकातला.

कोण ही बाई?

मी.

तोंडातल्या तोंडात म्हणते म्हणते, आन् आख्ख्या ओवीत मीच! मीच नाक ओढतेय, माझ्याच बांगड्या, एका जागी 'लाईट यील गं बया' बी. आन् मालक मागं, बारीक, धुक्यात.

नाजनीननं पडदा वर खाली केला. मग चष्मा डोक्यावर नेला, खाली घेतला. म्हणली, 'अक्का… हे माइकवरनं नै भरलं. लॅपटॉपच्या अंगात एक बारका माइक अस्तो. डबीची वायर निघाली की मशीन आपलं आपण त्याच्यावर जातं. वायर परत खोचली तवा ढोल डबीतनं निघाला, पर आवाज अंगातल्या माइकवरनंच घेत र्‍हायलं. पडद्यावर इचारलं अस्नार त्यानं.'

इचारलं हुतं. मी हो म्हणलं.

तन्वीरला धाडलं, आवाज वाढवता येतोय का. त्यानं उत्तर दिलं — वाढवला तर अक्का बी वाढतील. त्यो बिचारा हळू आवाजात बोलला, मयताच्या घरी बोलल्यावानी.

माणूस म्हणलं हुतं, लांबनं येतोय आवाज. आन् मी काय म्हणलं? तुमचा गळाच बसलाय. एका आख्ख्या माणसाचा आवाज हुता माझ्या हातात. वाचायला वेळ न्हवता मला! लाईट यील म्हणं! आली असती लाईट तर काय झालं असतं? उद्या न्हाय, पर सांजच्याला तरी —

भिताडावर डोकं आपटून घेतलं. नाजनीननं धरलं.

मालक खाटंवर बसून ऐकत हुतं. डोळं मिटलेलं. मधीच हेडफोन मागून घेतलं हुतं, ते काढून देईनात. मी म्हणलं, 'पुसून टाका ते! जाळून टाका!' तर दोन्ही हातानं कान झाकून धरलं, पोरानं धरल्यावानी.

१ मार्च

ऐकत्यात. सकाळी, दुपारी. मला खुणेनं सांगत्यात चालू कर. मी चालू करते आन् भाईर जाते. त्या बाईचा आवाज ऐकवत न्हाय मला.

२ मार्च

भाकरी थापल्या.

४ मार्च, मंगळवार

सकाळी मालकांनी पाटी घेतली. लई वेळ लिव्हलं. आज मी थांबले.

'झील कानात येत हुती तुझी. मोठी. मला कळलं हुतं काय झालंय. सांगितलं आस्तं तर तू गप बसली अस्तीस.'

मी म्हणलं, 'आन् तुमचा आवाज? त्यो गेला की!'

पुसलं. लिव्हलं — 'म्हण.'

म्हणलं, कायतरीच. बायका म्हणत न्हाईत. तर पाटी तशीच धरून बसलं. माझे हात पिठात. पाठ करून बसले परातीफुडं, आन् म्हणलं. काळ्या मेंढीचं पांढरं कोकरू, वाट चुकलं माळाला —

आन् थांबले.

मागनं तांब्या. टण्, टण् टण्. झिलीच्या जागी. जरा बी उशीर न्हाय.